तेहरानच्या लग्नघरी

१९९०च्या दशकात पुण्यात इराणी विद्यार्थी भरपूर असत. त्यातलीच एक मुलगी आमच्या वरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहायला आली आणि एम.ए. होईपर्यंत राहिली. माझ्या आईला ती ‘आई’ म्हणायची, अजूनही म्हणते. २०२४च्या पावसाळ्यात तिचा फोन आला. लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्या घरातून कुणीतरी यायलाच हवं होतं. आईला गुडघ्यांमुळे जमणार नव्हतं. तिने कपाटातून एक पैठणी काढली, भाकरवडीचे पुडे बांधून दिले आणि मला पाठवलं.

ऑक्टोबरात आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने इराणचा अनावश्यक प्रवास टाळावा असं कळवलं होतं. त्यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. जाणं आम्हाला आवश्यक वाटलं. इथे मी कुणाचंही नाव किंवा पत्ता दिलेला नाही. का, ते वाचताना कळेलच.

बुधवार, ११ डिसेंबर. तेहरान

विमान खाली येऊ लागलं तशा बायकांच्या पिशव्या उघडल्या आणि स्कार्फ बाहेर आले. कुणी नीट बांधला, कुणी नुसता डोक्यावर टाकला. माझ्या शेजारच्या मुलीने गळ्याभोवती गुंडाळला आणि ती तशीच उतरली. मी मात्र कपाळापर्यंत ओढून घेतला होता.

विमानतळ शहरापासून लांब आहे. वाटेत उत्तरेला आल्बोर्झचे बर्फाळ डोंगर दिसायला हवे होते, पण धुराने सगळं राखाडी झालं होतं. थंडी अशी की बोटं वळेनात. दार उघडून मैत्रिणीने मला कवेत घेतलं आणि पहिला प्रश्न मराठीत केला, “आईचे गुडघे?”

जेवायला गोर्मे सब्जी होती. मेथी, कोथिंबीर, पार्सली परतून त्यात राजमा, मटण आणि वाळवलेली लिंबं घालून तासन्‌तास शिजवतात. सोबत भात आणि भाताच्या तळाची सोनेरी खरवड, तिला तहदीग म्हणतात. पाहुण्याला ती सगळ्यात आधी वाढतात. घरात बायका आमच्यासारख्याच, जीन्स-टीशर्टमध्ये. दाराच्या आत एक देश आणि बाहेर दुसरा, हे पहिल्या रात्रीच समजलं.

जेवण चालू असतानाच सगळ्यांचे फोन वाजू लागले. परस्तू अहमदी या गायिकेची मैफल यूट्यूबवर चालू झाली होती. वाळवंटातली एक जुनी कारवाँसराय, म्हणजे व्यापारी तांड्यांची धर्मशाळा, समोर एकही श्रोता नाही, मागे साथीला चार पुरुष वादक आणि मधे ती, काळ्या ड्रेसमध्ये, केस मोकळे. इराणमध्ये पुरुषांसमोर बाईने एकटीने गायला बंदी आहे, डोकं उघडं ठेवायलाही. यूट्यूब तिथे बंद असल्यामुळे घरोघर व्हीपीएन, म्हणजे बंद साइट उघडून देणारं ॲप, लावून लोक ते बघत होते. नवरी मुलगी म्हणाली, “हिला पकडणार.” तिच्या वडिलांनी काही न बोलता आवाज वाढवला.

जाणाऱ्यांसाठी: व्हीपीएन भारतातूनच फोनमध्ये घेऊन जा, तिकडे उतरल्यावर ते मिळवणं जिकिरीचं. आपली कोणतीही कार्डं चालत नाहीत, डॉलर किंवा युरो रोख न्यावे लागतात. किंमत बहुतेक जण तोमानमध्ये सांगतात आणि नोटांवर रियाल लिहिलेले असतात, १ तोमान म्हणजे १० रियाल. मी गेले तेव्हा विमानाने जाणाऱ्या भारतीयांना १५ दिवस व्हिसा लागत नव्हता. हे नियम कधीही बदलतात, तिकिटाआधी खात्री करा.

गुरुवार. मेट्रो आणि एन्गेलाब चौक

मेट्रोचे पुढचे-मागचे डबे फक्त बायकांचे, बाकीच्या डब्यांतही बायका बसू शकतात. मी आणि नवरी मुद्दाम बायकांच्या डब्यात चढलो. मुंबईच्या लेडीज डब्यात वावरलेलीला तिथे परकं वाटायचं कारण नाही. पायमोजे, केसांचे चाप, लिपस्टिक, आतले कपडे, सगळं तिथे विकायला येतं. पायमोजे विकणारी चाळिशीची बाई स्टेशन आलं की पिशवी सीटखाली सरकवायची आणि दारं बंद झाली की पुन्हा बाहेर काढायची, कारण डब्यात विकायला मनाई आहे.

मी दोन जोड घेतले. नवरीने विचारलं तशी ती आमच्यासमोर उकिडवी बसली आणि बोलू लागली. तिचा घटस्फोट झाला होता. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत तिच्याकडे होता. तिथल्या कायद्याने सातव्या वर्षापर्यंत ताबा आईकडे आणि पुढे बापाकडे. वाद झाला तर कोर्ट मुलाचं हित बघतं, पण कोर्टात जायला पैसे लागतात. आता मुलगा गुरुवारी भेटतो. “आज गुरुवार,” ती म्हणाली, “म्हणून सकाळीच माल संपवतेय.” मग आणखी चार जोड घेतले.

डब्यात निम्म्याअधिक मुलींची डोकी उघडी होती. दोन-तीन जणी काळ्या चादोरमध्ये, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत पांघरायच्या वस्त्रात होत्या, त्यांच्या खांद्याला खांदा लावून निळ्या केसांची एक मुलगी झोपली होती. कुणी कुणाला काही बोललं नाही. पण फलाटावर गणवेशातली माणसं दिसताच चार-पाच हात एकदम मानेकडे गेले. हाताच्या त्या हालचालीत किती वर्षांची सवय असेल!

एन्गेलाब चौक पुस्तकांच्या दुकानांचा, विद्यापीठाच्या शेजारचा. २७ डिसेंबर २०१७ला विदा मोवाहेद नावाची तरुणी याच रस्त्यावरच्या तारांच्या एका पेटीवर चढली, डोक्यावरचा पांढरा स्कार्फ काढून, काठीला बांधून तिने तो झेंड्यासारखा धरला आणि पकडून नेईपर्यंत तशीच उभी राहिली. तिचं बघून इतर मुली पेट्यांवर चढू लागल्या. मग सरकारने अशा पेट्यांना लोखंडाची उतरती छपरं बसवली, वर पाय ठरू नये म्हणून.

त्यानंतर पाच वर्षांच्या आत, सप्टेंबर २०२२मध्ये, कुर्दिस्तानातल्या सक्केझ गावाहून तेहरानला आलेल्या २२ वर्षांच्या महसा अमिनीला हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी पकडलं आणि तीन दिवसांनी, १६ तारखेला, ती दवाखान्यात मेली. ‘झन, झेंदगी, आझादी’ (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) ही घोषणा देशभर उठली. नवरी तेव्हा विद्यापीठात होती. तिच्या वर्गातल्या एका मुलाचा डोळा छऱ्याने गेला. तिने हे चालता चालता सांगितलं आणि लगेच विषय बदलला. भिंतींवर जागोजागी रंगाचे वेगळे पट्टे दिसतात. खाली लिहिलेलं झाकायला मारलेले आहेत.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्टच सांगते. हिजाबची सक्ती परदेशी बाईलाही आहे. तेहरानच्या मुली उघड्या डोक्याने फिरताना बघून आपणही स्कार्फ काढावा असं वाटतं. मैत्रिणीने मला बजावलं, “तू काढू नकोस. काही झालं तर चौकशी आमच्या घराची होईल.” तिच्याच गाडीत मुलगी उघड्या डोक्याने बसलेली कॅमेऱ्यात टिपली गेली होती. आधी मोबाईलवर ताकीद आली, दुसऱ्यांदा गाडी जप्त होऊन दोन आठवडे अडकली. माझी हौस त्यांना महागात पडली असती.

शुक्रवार. आजींची गोष्ट

सुट्टीचा दिवस. सकाळी सांगक आणायला गेलो. तापलेल्या खड्यांवर भाजलेली हातभर लांब रोटी, घरी नेण्याआधी तिला चिकटलेले खडे झटकावे लागतात. सोबत पनीर, अक्रोड, पुदिना. चहात साखर घालत नाहीत, खडा दातात धरून वरून चहा पितात.

मैत्रिणीची आई सत्तरीची. १९७९ला, इस्लामी क्रांतीच्या वर्षी, ती बँकेत नोकरीला होती. इराणचा राजा, शहा, याच्या राज्याविरुद्ध मोर्च्यात ती स्वतः गेली होती, बुरख्याचं काही ठरलेलं नव्हतं. ७ मार्चला क्रांतीचे नेते खोमेनी यांनी सांगितलं की सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाबशिवाय येऊ नये. दुसऱ्याच दिवशी महिला दिन होता. बर्फ पडत होतं आणि हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. “माझे बूट भिजले होते,” आजी म्हणाल्या. “बाजूने माणसं शिव्या देत होती. आमच्याबरोबर उभे राहतील असं वाटलेले कितीतरी पुरुष म्हणाले, आधी क्रांती सावरू द्या, तुमचं नंतर बघू.” १९८३मध्ये सक्ती कायद्यात आली, मोडणाऱ्या बाईला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा.

मी शहाच्या काळाबद्दल काही चांगलं बोलायला लागले तशी त्यांनी हात वर केला. त्यांच्या आईच्या लहानपणी, १९३६मध्ये, त्या शहाच्या वडिलांनी, रझा शहाने, बुरख्यावर बंदी घातली होती. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादोर ओढून फाडत. आजींची आजी त्यानंतर कित्येक वर्षं घराबाहेर पडली नाही, हमामला, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, जायचं तरी रात्री, गच्च्यांवरून. “तेव्हा आजीची ओढली, मग माझ्यावर घातली. आम्हाला कुणी विचारलं?” त्या स्वतः अजूनही बाहेर जाताना रुमाल बांधतात, सवयीने. नातीला बांध म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही.

शनिवार आणि रविवार. सह्या

शनिवारी विवाहनोंदणी होती. पण थंडी, प्रदूषण आणि गॅस-विजेची टंचाई यांमुळे कचेऱ्या बंद ठेवायचा हुकूम निघाला आणि सगळं एक दिवस पुढे गेलं. त्या दिवशी बातमी आली की परस्तू अहमदीला पकडलं. काही तासांनी सोडलं, पण तोवर घरात कुणालाच जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी महझरमध्ये, म्हणजे नोंदणीच्या दफ्तरात गेलो. या प्रवासातला हा दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो.

नवरी सत्तावीस वर्षांची, इंजिनिअर, स्वतः कमावणारी. तरी तिच्या पहिल्या लग्नाला वडिलांची संमती कायद्याने लागते, म्हणून पहिली सही वडिलांची झाली. कायद्यानुसार मुलीचं लग्नाचं वय १३ आहे आणि कोर्टाच्या परवानगीने त्याहून कमीही चालतं. घटस्फोट नवऱ्याचा हक्क, बायकोला कारणं सिद्ध करावी लागतात. बायकोचं काम घराण्याच्या हिताविरुद्ध आहे असं दाखवून नवरा तिची नोकरी थांबवू शकतो. लग्न झालेल्या बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची परवानगी लागते. २०१५मध्ये फुटसालच्या, म्हणजे छोट्या मैदानावरच्या फुटबॉलच्या, राष्ट्रीय महिला संघाची कर्णधार निलुफर अर्दलान मलेशियातल्या आशियाई स्पर्धेला जाऊ शकली नाही, कारण नवऱ्याने नाही म्हटलं. ज्या देशात विद्यापीठं मुलींनी भरलेली असतात, जिथल्या शाळेतून मरियम मिर्झाखानी शिकली आणि २०१४ला गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री ठरली, त्या देशात हे कायदे आहेत.

यावर तिथल्या बायकांनी वाट काढली आहे ती लग्नाच्या करारात. करारात अटी घालता येतात आणि नवऱ्याने सही केली की त्या त्याच्यावर बंधनकारक होतात. छापील अटी असतातच, प्रत्येकीखाली वेगळी सही. पण खरं ते जादा लिहून घ्यावं लागतं: घटस्फोटाचं मागे न घेता येणारं मुखत्यारपत्र, देशाबाहेर जाण्याची कायमची परवानगी, शिक्षणाचा आणि नोकरीचा हक्क, राहायची जागा ठरवण्याचा हक्क, मुलांचा ताबा. हे नोटरीकडे रीतसर नोंदवायचं, नाहीतर विमानतळावर अडवलं की तोंडी कबुलीचा उपयोग शून्य.

बदल्यात नवरीने मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचं कबूल केलेलं धन, कमी केला. मेहर तिकडे सोन्याच्या नाण्यांत ठरतो, एक नाणं सुमारे ८ ग्रॅमचं. शेकड्यांनी नाणी लिहून घेणाऱ्या मुली आहेत, कारण नवरा सोडत नसेल तर तेवढाच दाब त्यांच्या हाती असतो. हिने १४ नाणी लिहिली आणि हक्क मागितले. मुलाच्या आईला ते पटलेलं नव्हतं. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडे मुली लग्नाआधीच घटस्फोटाचा कागद मागतात का? मी सांगितलं की आमच्याकडे हिंदू मुलीला कायदाच कोर्टात जायचा हक्क देतो, म्हणून मागावा लागत नाही. तिने बराच वेळ मान हलवली नाही.

नवरीची वकील पन्नाशीची बाई. १९६७चा कुटुंब संरक्षण कायदा तिने आम्हाला समजावला. त्याने घटस्फोट कोर्टात आणला होता आणि क्रांती झाल्यावर काही आठवड्यांतच तो स्थगित केला गेला. त्याच काळात स्त्री न्यायाधीशांना खुर्चीवरून उतरवलं. शिरीन एबादी तेहरानच्या कोर्टाच्या अध्यक्ष होत्या, त्यांना त्याच कोर्टात कारकुनी दिली. २००३मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आजही बाई कोर्टात सल्लागार न्यायाधीश असते, निकाल पुरुष देतो.

चौथ्या अटीवर वीज गेली. वकीलबाईंनी मोबाईलचा टॉर्च लावून कागदावर धरला. दफ्तराचा मौलवी प्रत्येक कलम मोठ्याने वाचायचा आणि मुलाला विचारायचा, “समजलं? मान्य?” मुलगा सही करायचा. घटस्फोटाच्या कलमाला मौलवीने चष्मा काढला आणि म्हणाला, “बाळा, पुन्हा विचार कर.” मुलगा म्हणाला, “आम्ही दोन वर्षं विचार केलाय,” आणि सही केली. नवरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आमच्याही.

घरी आलो तर नव्या हिजाब कायद्याची अंमलबजावणी थांबवल्याची बातमी आली होती. ७४ कलमांचा, जबर दंडांचा कायदा संसदेने मंजूर केलेला, त्याच आठवड्यात लागू व्हायचा होता. आनंद कुणी केला नाही. मैत्रीण म्हणाली, “थांबवलाय. फाडला नाही.”

सोमवार ते बुधवार. इस्फहान

लग्नघरात पाहुण्यांची गर्दी वाढली, मला चार दिवस फिरून ये म्हणाले. व्हीआयपी बसने सहा तास, आरामाच्या रुंद खुर्च्या आणि खाऊचा डबा.

बसमध्ये शेजारी चादोरमधल्या एक शाळाशिक्षिका होत्या. मोडक्या इंग्रजीत छान गप्पा झाल्या, त्यांनी डाळिंब सोलून दिलं. हिजाब कायद्याच्या त्या पूर्ण बाजूच्या. रस्त्यावरच्या मुली आपल्या श्रद्धेचा अपमान करतात असं त्यांना मनापासून वाटतं, आणि चादोरवरून त्यांना मेट्रोत कुणी टोमणा मारल्याचं दुःखही खरं होतं. मी म्हटलं, टोमणा वाईटच, पण त्या मुलीला तुरुंग आहे, तुम्हाला नाही. त्या गप्प झाल्या, थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा डाळिंब पुढे केलं. पटलं असेल असं मी म्हणणार नाही.

नक्श-ए-जहाँ चौकाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी आवरतं घेते. तिथल्या शेख लोत्फोल्लाह मशिदीच्या घुमटाखाली दुपारी जा, ऊन जाळीतून उतरतं तेव्हा. शाकाहारींनी काश्क-ए-बादेमजान (वांग्याचं भरीत, वर काश्क नावाचं दह्या-ताकाचं आंबूस घट्ट मिश्रण), आश-ए-रेश्ते (शेवया-कडधान्यांचं दाट सूप), अदस पोलो (मसूरभात) लक्षात ठेवावं, पण ‘मांस नको’ प्रत्येक वेळी विचारून घ्यावं. गझ नावाची पिस्त्याची मिठाई इथलीच.

हस्तकलेच्या दुकानात मीनाकाम करणारी बाई होती. ऑक्टोबर २०१४मध्ये या शहरात मोटरसायकलवरून येऊन गाडीतल्या बायकांच्या तोंडावर ॲसिड फेकलं गेलं. लोक कोर्टासमोर जमले, पण गुन्हेगार सापडले नाहीत. “त्या हिवाळ्यात आम्ही गाडीच्या काचा खाली केल्या नाहीत,” एवढं सांगून तिने ब्रश पुन्हा उचलला.

संध्याकाळी खाजू पुलावर गेले. झायंदे रूद नदी कोरडी होती, पात्रात मुलं फुटबॉल खेळत होती. पुलाच्या कमानींखाली आवाज घुमतो म्हणून माणसं तिथे गायला जमतात, ही जुनी रीत आहे. म्हातारे पुरुष आळीपाळीने गात होते. मधेच मागून एका बाईचा आवाज आला. पन्नाशीची असेल, हातात भाजीची पिशवी. पहिल्या ओळीला ती चाचरली, दुसरीला आवाज मोकळा झाला. पुढचे दोघे पुरुष न सांगता सरकले आणि तिच्यासमोर पाठ करून उभे राहिले, रस्त्यावरून ती दिसू नये अशा बेताने. कुणी फोन काढला नाही. मीही काढला नाही. तुम्हीही काढू नका, चेहरे इंटरनेटवर गेले की भोगावं लागतं त्या माणसाला.

शुक्रवार, २० डिसेंबर. यल्दा

वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. यल्दाला डाळिंब आणि कलिंगड खातात, थोरांच्या घरी जमतात. तोच मुहूर्त धरून घरी समारंभ होता. सोफ्रे, म्हणजे लग्नातल्या शकुनाच्या वस्तूंची मांडणी, सजवला होता: आरसा, शमादान (मेणबत्त्यांची समई), मध, अंडी, अक्रोड, साळीचे दाणे. नवरा-नवरीच्या डोक्यावर पांढरं कापड धरून त्यावर साखरेचे सुळके घासतात, आणि साखर वरून झिरपते. नवरीला तीनदा विचारतात. पहिल्यांदा मैत्रिणी ओरडतात, “नवरी फुलं खुडायला गेली!” दुसऱ्यांदा, “गुलाबपाणी आणायला गेली!” तिसऱ्यांदा ती होकार देते. आईची पैठणी तिने रात्री नेसली. मी नेसवून दिली, पदर दोनदा सुटला आणि सगळ्या बायकांनी मिळून पिना लावल्या. व्हिडिओ कॉलवर आई रडत होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले, आवाज कमी, कारण शेजाऱ्यांची खात्री नव्हती. तरी पहाटेपर्यंत नाच झाला.

मध्यरात्री कलिंगड कापत असताना नवरीच्या मावसबहिणी तिच्याकडे कराराचा कागद मागू लागल्या. तिने जादा अटींचं पान आणलं, ते ताटांमधून हातोहात फिरलं. एकीने फोटो काढला, मग सगळ्यांनीच काढले. त्यातल्या एकीचं लग्न वसंतात होणार होतं आणि तिचा होणारा नवरा समोरच बसला होता. तिने पान त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, प्रवास ठीक, नोकरी ठीक, शिक्षण ठीक म्हणाला. घटस्फोटाच्या कलमावर म्हणाला, यावर विचार करावा लागेल.

आजींनी त्याच्या ताटात कलिंगडाची फोड वाढली आणि म्हणाल्या, “कर ना. तोवर आम्हीही विचार करतो.”